स्वे बार : भरीव आणि पोकळ
मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांची सस्पेन्शन एकमेकांना जोडणारी, दोन्ही टोकांशी वाकवलेली पोलादी दांडी. गॅरेजमध्ये हिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाक दबते, आतले खाली उतरते; दांडीच्या मधल्या भागाला पीळ बसतो आणि ती त्याला जितका विरोध करते तितके कलणे आवरते. दोन्ही चाके एकदम वर आली तर ती बुशांमध्ये नुसती फिरते.

भरीव दांडी पोकळ दांडीपेक्षा ताठर, हा समज बाहेरचा व्यास सारखा असेल तेवढ्यापुरताच खरा आहे. गोल दांडी पिळताना मध्यरेषेवरच्या पोलादावर ताण जवळजवळ नसतो. बाहेर सरकावे तसा तो वाढतो. त्यामुळे ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, वजन मात्र वर्गानेच. पोकळ दांडीसाठी बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करायचा. २५ मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची पोकळ दांडी तेवढ्याच भरीव दांडीच्या सुमारे ७९ टक्के ताठर भरते, पण वजन ५४ टक्क्यांवर येते. जाडी तीच ठेवून व्यास २७ मिमी केला, की ती २५ मिमी भरीव दांडीपेक्षा सुमारे ३ टक्के अधिक ताठर होते, आणि तरीही ४१ टक्के हलकी. गाभ्याचे पोलाद बहुतांशी ओझेच असते, हे या आकड्यांवरून पटावे.

भारी प्रतीच्या पोलादाने पातळ दांडीही ताठर होईल, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. पोलाद साधे असो वा स्प्रिंगचे, त्याचा दृढता गुणांक ८० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. प्रत वाढली की वाढते ती ताण सोसण्याची ताकद. पोकळ दांडीला या ताकदीची गरज खरोखरच असते, कारण तितकाच पीळ दिला तर २७ मिमीच्या पृष्ठभागावरचा ताण २५ मिमीच्या तुलनेत ८ टक्के जास्त असतो. जाडी फार कमी केली तर नळी वाकवताना चपटते, आणि आतून गंज धरला तर तो बाहेरून दिसत नाही. पोकळ दांडीवरचे हे आक्षेप रास्त आहेत, पण ते टिकाऊपणाचे आहेत, ताठरतेचे नाहीत.

आणखी एक शंका अशी, की हे गणित पिळाचे आहे, बाजूच्या भुजा तर वाकतात. पण वाकण्याच्या विरोधातही हीच चौथ्या घातांची वजाबाकी येते, म्हणून दोन दांड्यांमधले प्रमाण बदलत नाही. ते पुसट होते रबरी बुश आणि लिंक दबल्यामुळे. चाकापाशी जाणवणारा फरक कागदावरच्यापेक्षा कमी भरतो. म्हणून नुसता व्यास सांगून दोन दांड्यांची तुलना होत नाही. भिंतीची जाडी हवी आणि भुजेची लांबीही, कारण मधला भाग तोच ठेवून भुजा १० टक्क्यांनी आखूड केली तरी पिळामुळे चाकापाशी मिळणारी ताठरता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते.