कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक विद्यापीठ

कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक विद्यापीठ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याचे एक सार्वजनिक तंत्रविद्यापीठ. स्थापना १९०१. त्याचा मुख्य परिसर सॅन लुईस ओबिस्पो या गावी असून हे गाव सॅन फ्रॅन्सिस्को व लॉस अँजेल्स या दोन महानगरांच्या साधारणतः मध्यावर, पॅसिफिक किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर वसले आहे. ‘कॅल पॉली’ या संक्षिप्त नावाने ते सर्वत्र ओळखले जाते. माध्यमिक दर्जाची व्यवसायशाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज सहा प्रमुख महाविद्यालये, साठांहून अधिक पदवी अभ्यासक्रम व सु. २२,००० विद्यार्थी आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहेत; तथापि पदवी शिक्षण हेच या विद्यापीठाचे मुख्य कार्य होय. हातांच्या कौशल्याला पदवीची प्रतिष्ठा मिळवून देताना ते कौशल्यच मागे पडू नये, हा प्रश्न या संस्थेपुढे प्रत्येक टप्प्यावर उभा राहिला व त्याची जी उत्तरे तिने शोधली, त्यांतूनच तिच्या महाविद्यालयांची व अभ्यासक्रमांची आजची रचना घडली.

संज्ञा : पॉलिटेक्निक ही संज्ञा ‘अनेक’ व ‘कला’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनली आहे. पॅरिस येथील ‘एकोल पॉलितेक्निक’ (१७९४) या संस्थेमुळे ती रूढ झाली. तेथे तिचा अर्थ गणित व विज्ञान यांवर आधारलेले उच्च अभियांत्रिकी शिक्षण असा होता. महाराष्ट्रात तंत्रनिकेतन म्हटले म्हणजे शालान्त परीक्षेनंतर पदविका देणारी संस्था डोळ्यांपुढे येते. कॅलिफोर्नियातील अर्थ या दोहोंहून निराळा आहे. तेथे आरंभी ही संज्ञा शेती, यंत्रकाम व गृहव्यवस्था यांचे शिक्षण एकाच छताखाली देणाऱ्या शाळेला लावण्यात आली आणि पुढे ती शाळा विद्यापीठ झाल्यावरही नावातून वगळण्यात आली नाही.

स्थापना व उद्देश : सॅन लुईस ओबिस्पो येथे राज्याची शाळा असावी, या चळवळीचा पुरस्कर्ता मायरन एंजेल हा पत्रकार व इतिहासलेखक होता. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांबरोबर तो १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात आला. पुस्तकी शिक्षण झालेले असूनही हाताने काम करण्याची सवय नसल्यामुळे समोर चालून आलेले सुतारकाम आपल्याला पत्करता आले नाही, अशी आठवण तो सांगत असे. प्रथम त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाची मागणी केली. पुढे ती तंत्रशाळेच्या मागणीत रूपांतरित झाली. ८ मार्च १९०१ रोजी राज्यपाल हेन्री गेज याने संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली व ‘कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक स्कूल’ अस्तित्वात आले.

या कायद्यातील उद्देश लक्षणीय आहे. मुलगे व मुली या दोघांनाही बौद्धिक व हस्तकौशल्याचे शिक्षण देऊन, वकिली-वैद्यकीसारख्या विद्वत्तेच्या पेशांत न मोडणाऱ्या जीवनमार्गांसाठी त्यांना तयार करणे, असा तो होता. म्हणजे पदवी हे या शाळेचे ध्येय तर नव्हतेच, उलट पदवीच्या वाटेने न जाणाऱ्यांसाठीच ती काढण्यात आली होती. १ ऑक्टोबर १९०३ रोजी वीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. लिरॉय अँडरसन हा पहिला संचालक होता. शेती, यंत्रकाम व गृहकला असे तीन विभाग असून अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता.

अनिश्चिततेचा काळ : पहिल्या महायुद्धानंतर शाळेचा दर्जा वारंवार बदलत गेला. १९२४ मध्ये ती राज्य शिक्षण मंडळाच्या नियंत्रणाखाली आली. १९२७ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग जोडण्यात आले व विमानविद्येचा अभ्यासक्रमही त्याच सुमारास सुरू झाला. १९२९ मध्ये मुलींना प्रवेश बंद करण्याचा निर्णय राज्याच्या कायद्याने लादण्यात आला. स्थापनेच्या कायद्यात दोघांचाही स्पष्ट उल्लेख असताना घेतलेला हा निर्णय १९५६ पर्यंत टिकला. साहजिकच संस्थेची पदवी जेव्हा प्रथम दिली गेली, तेव्हा ती घेणारे सर्व पुरुषच होते. संस्थेच्या उत्कर्षाचा काळ म्हणून ज्या वर्षांचा गौरव होतो, त्यांतील बहुतेक वर्षे निम्म्या समाजाला तिचे दार बंद होते, ही गोष्ट तिच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

महामंदीच्या काळात राज्याची तिजोरी रिकामी झाली आणि शाळा बंद करण्याचा विचार पुढे आला. १९३३ मध्ये ती दोन वर्षांची तांत्रिक व व्यावसायिक शाळा म्हणून पुनर्घटित करण्यात आली व राज्याच्या कृषिशिक्षण विभागाचा प्रमुख ज्यूलियन मॅक्फी याच्याकडे तिची सूत्रे देण्यात आली. तो १९६६ पर्यंत या पदावर होता. शाळेचे महाविद्यालयात झालेले रूपांतर मुख्यत्वे त्याच्या कारकीर्दीतील आहे.

मॅक्फीची योजना : ‘करून शिकणे’ व ‘शिकता शिकता कमावणे’ ही मॅक्फीच्या धोरणाची दोन सूत्रे होती. विद्यार्थ्याने जनावरे पाळावीत, पीक घ्यावे, त्यासाठी संस्थेशी संलग्न निधीतून भांडवल उचलावे आणि विक्रीतून झालेला नफा स्वतः घ्यावा, अशी व्यवस्था होती. मंदीच्या दिवसांत गरीब घरच्या मुलांना शिक्षण परवडण्याचा तो एक मार्गही होता.

अभ्यासक्रमाच्या रचनेत त्याने केलेला बदल अधिक मूलगामी होता. अमेरिकेतील रूढ पद्धतीत पहिली दोन वर्षे सामान्य शिक्षणाची असतात व विशेष विषय नंतर येतो. मॅक्फीने हा क्रम उलटविला. विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी आपल्या विषयाच्या कार्यशाळेत किंवा शेतावर प्रत्यक्ष काम सुरू करावयाचे आणि गणित, विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्रे यांचा मोठा भाग पुढील वर्षांत पुरा करावयाचा. यामागील विचार दुहेरी होता : एक म्हणजे मध्येच शिक्षण सोडावे लागलेल्या मुलाच्या हाती काहीतरी उपयोगी विद्या असावी, दुसरे म्हणजे यंत्र हाताळल्यावर त्यामागील गणिताची गरज विद्यार्थ्याला स्वतःच जाणवावी. या रचनेमुळे प्रवेश अर्जातच विषय निवडण्याची प्रथा पडली व ती पुढेही चालू राहिली.

पदवीचा अधिकार : चार वर्षांचा अभ्यासक्रम व पदवी देण्याचा अधिकार १९४० मध्ये मिळाला, पहिला पदवीदान समारंभ १९४२ मध्ये झाला. पदवी मिळू लागताच कार्यशाळा मागे पडतील, अशी भीती होती. तिच्यावरील उपाय म्हणून ‘ज्येष्ठ प्रकल्प’ हा पदवीचाच अनिवार्य भाग करण्यात आला. अखेरच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एखादे यंत्र, आराखडा, प्रयोग किंवा अहवाल स्वतः सिद्ध करावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. दुसऱ्या महायुद्धात परिसरावर नौदलाच्या वैमानिकांची पूर्वतयारी शाळा चालली. युद्धोत्तर काळात माजी सैनिकांना मिळालेल्या शैक्षणिक सवलतींमुळे विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली. १९४७ मध्ये ‘कॅलिफोर्निया स्टेट पॉलिटेक्निक कॉलेज’ असे नामांतर झाले आणि १९४९ मध्ये शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी सुरू झाली.

पोमोना येथील शाखा : १९३८ मध्ये व्होऱ्हिस कुटुंबाने सॅन डिमास येथील आपली मुलांची शाळा संस्थेला दान दिली व दक्षिण कॅलिफोर्नियात तिची शाखा निघाली. १९४९ मध्ये धान्याच्या न्याहारीचे प्रसिद्ध उत्पादक डब्ल्यू. के. केलॉग यांचे पोमोनाजवळील ८१३ एकरांचे अरबी घोड्यांचे पैदासक्षेत्र मिळाले. १९५६ मध्ये वर्ग तेथे हलविण्यात आले. या शाखेत स्त्रियांना १९६१ मध्ये प्रवेश मिळाला. १९६६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली व १९७२ मध्ये तिलाही विद्यापीठाचा दर्जा लाभला.

महाविद्यालयांची रचना : १९६० च्या उच्च शिक्षणविषयक बृहत् योजनेने कॅलिफोर्नियातील सार्वजनिक संस्थांची कार्ये वाटून दिली. संशोधन व डॉक्टरेट हे प्रामुख्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, तर पदवी व पदव्युत्तर अध्यापन राज्य महाविद्यालयांकडे सोपविण्यात आले. कॅल पॉली दुसऱ्या गटात आली. डॉक्टरेटचे क्षेत्र बंद झाल्यामुळे तिचे लक्ष पदवी शिक्षणावर केंद्रित राहिले, हा या वाटणीचा एक अनपेक्षित लाभ म्हणता येईल. रॉबर्ट केनेडी याच्या अध्यक्षतेच्या काळात (१९६७–७९) विखुरलेल्या विभागांची प्रशालांत पुनर्रचना झाली. वास्तुकलेची स्वतंत्र प्रशाला १९६८ मध्ये निघाली. १९७२ मध्ये संस्थेला विद्यापीठाचे नाव मिळाले. १९९० च्या दशकात प्रशालांना महाविद्यालये म्हटले जाऊ लागले. त्यांची स्वरूपे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) कृषी, अन्न व पर्यावरणविज्ञान महाविद्यालय हे मूळ शाळेचा थेट वारसा होय. विद्यापीठाच्या मालकीच्या सु. ३,९०० हेक्टर जमिनीचा मोठा भाग त्याच्या उपयोगात आहे. पशुविज्ञान, दुग्धविज्ञान, उद्यानविद्या, द्राक्ष व मद्य विज्ञान, वनव्यवस्थापन इ. विषयांच्या पदव्या तेथे मिळतात.

(२) अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र, स्थापत्य, विद्युत्, संगणक, वायुयान व अवकाश, द्रव्यविज्ञान इ. शाखा आहेत. त्याचे मूळ १९०३ च्या यंत्रकाम विभागात आहे.

(३) वास्तुकला व पर्यावरणीय अभिकल्प महाविद्यालयात वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची आहे. वास्तुकला, वास्तु-अभियांत्रिकी, बांधकाम व्यवस्थापन, भूदृश्य वास्तुकला व नगररचना हे विषय एकत्र असल्याने आराखडा काढणारा व तो उभारणारा एकाच छताखाली शिकतात. परिसरातील पॉली कॅन्यन येथे विद्यार्थ्यांनी उभारलेल्या प्रायोगिक रचना आहेत.

(४) विज्ञान व गणित महाविद्यालय आणि (५) मानव्यविद्या महाविद्यालय ही दोन्ही आरंभी इतर शाखांना पूरक विषय शिकविणाऱ्या विभागांतून वाढली व नंतर त्यांना स्वतःच्या पदव्या मिळाल्या. मानव्यविद्येत तत्त्वज्ञान व इतिहास यांच्या बरोबरीने पत्रकारिता व मुद्रण-आलेखविद्या हे विषय असून त्यांना चालते वृत्तपत्र व मुद्रणालय यांची जोड आहे.

(६) व्यवसाय महाविद्यालयास २००१ मध्ये छायाप्रतींच्या दुकानांच्या साखळीचे संस्थापक पॉल ऑर्फलिया यांचे नाव देण्यात आले.

विद्यार्थ्यांची कामे : ज्येष्ठ प्रकल्पाच्या परंपरेतून काही उल्लेखनीय कामे घडली. १० डिसेंबर १९८९ रोजी येथील विद्यार्थ्यांचे ‘दा व्हिन्ची’ हे केवळ मानवी शक्तीवर चालणारे हेलिकॉप्टर जमिनीपासून सु. २० सेंमी. उंचीवर ७.१ सेकंद तरंगले. अशा प्रकारचे ते पहिले उड्डाण होय. १९९९ मध्ये येथील प्राध्यापक जॉर्डी प्विग-स्वारी व स्टॅनफर्ड विद्यापीठातील बॉब ट्विग्ज यांनी १० सेंमी. बाजूच्या घनाकृती लघुउपग्रहाचे ‘क्यूबसॅट’ हे मानक तयार केले. विद्यार्थ्याला आपल्या शिक्षणकाळातच उपग्रह बांधून अवकाशात पाठविता यावा, हा त्यामागील हेतू होता. हे मानक पुढे जगभर रूढ झाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला, एक किग्रॅ.हून किंचित कमी वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रहही याच आकारमानाचा होता. तो २२ जून २०१६ रोजी भारतीय प्रक्षेपकाने अवकाशात सोडण्यात आला.

मर्यादा व अलीकडील बदल : प्रवेशाआधीच विषय निवडण्याच्या पद्धतीवर टीका झाली आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आयुष्याचा मार्ग ठरवावा, ही अपेक्षा अवास्तव असल्याचे टीकाकार म्हणतात. लोकप्रिय शाखेत नंतर बदली मिळणेही सोपे नसते. समर्थकांच्या मते या पद्धतीमुळे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून आपल्या व्यवसायातील माणसांत वावरतो. दुसरी मर्यादा यशातूनच निर्माण झाली आहे. सामान्य कुटुंबांतील मुलांसाठी काढलेल्या या संस्थेत प्रवेशाची स्पर्धा तीव्र झाली असून राज्यातील बदलत्या लोकसंख्येचे प्रतिबिंब तिच्या विद्यार्थिवर्गात पुरेसे पडत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

दहा आठवड्यांच्या चतुर्थकांऐवजी २०२६ पासून सत्र पद्धती स्वीकारण्याचे ठरल्यामुळे सर्व अभ्यासक्रमांची फेरआखणी करण्यात आली. १ जुलै २०२५ रोजी व्हॅलेहो येथील, १९२९ मध्ये स्थापन झालेली राज्याची नाविक शिक्षणसंस्था विद्यापीठात विलीन झाली. जहाजावर प्रत्यक्ष काम केल्याविना तेथील नाविक अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमांची पदवी मिळत नाही. त्या दृष्टीने हे विलीनीकरण जुन्या परंपरेशी सुसंगत होय. तत्पूर्वी २०२२ मध्ये राज्याच्या उत्तरेकडील हम्बोल्ट येथील विद्यापीठानेही पॉलिटेक्निक हे नाव स्वीकारले. पदवीच्या वाटेने न जाणाऱ्यांसाठी १९०१ मध्ये योजलेले हे नाव सव्वाशे वर्षांच्या आत प्रतिष्ठेचे ठरले. मात्र ती प्रतिष्ठा शेत, कार्यशाळा व प्रकल्प यांना पदवीच्या चौकटीत स्थान राहिल्यामुळेच लाभली, असे या विद्यापीठाच्या इतिहासावरून दिसून येते.