दिवगीकर, सुशांत
(२ जुलै १९९० – ). भारतीय गायक, अभिनेते व ड्रॅग (स्त्रीवेशातील सादरीकरण) कलावंत. रंगमंचावरील नाव ‘राणी को-ही-नूर’. कर्मभूमी मुंबई. स्त्री-पुरुष या दोन चौकटींत न बसणारी आपली ओळख त्यांनी जाहीरपणे मांडली आहे.

२०१४ मध्ये त्यांनी ‘मिस्टर गे इंडिया’ हा किताब मिळवला आणि रोममधील जागतिक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच वर्षी ते ‘बिग बॉस’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसले. त्यांचे खरे सामर्थ्य मात्र गळ्यात आहे. ‘सा रे ग म प’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या २०१८ च्या पर्वात साडी, दागिने आणि पूर्ण रंगभूषा करून ते राणीच्या रूपात उभे राहिले आणि एकाच गाण्यात पुरुषी व स्त्री असे दोन्ही आवाज लावले. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारी ३७७ कलमातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली होती; त्यानंतर काही आठवड्यांतच हा आवाज घरोघरच्या दूरचित्रवाणीवर पोहोचला, हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे पान. स्त्रीवेशातील गायनाची थोर परंपरा बालगंधर्वांमुळे मराठी रसिकांना परिचित आहेच. दिवगीकरांनी ते रूप भूमिकेपुरते न ठेवता स्वतःची ओळख म्हणून मिरवले.

२०२१ मध्ये ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ या आंतरराष्ट्रीय ड्रॅग गायनस्पर्धेत त्यांनी भाग घेतला. ‘थँक यू फॉर कमिंग’ (२०२३) या हिंदी चित्रपटातही त्यांची भूमिका आहे.