छावणी आणि राहुटी

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड हे गाव वसले आहे. इतिहासग्रंथांत त्याचे नाव येते ते लढायांमुळे. इ. स. १४३७ मध्ये खानदेशचा नसीरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला. बहमनी सुलतानाला दिलेल्या आपल्या मुलीची सासरी उपेक्षा होते, हा त्याचा राग होता. बहमनी सरदार खलफ हसन याने रोहिणखेड येथे त्याचा पराभव केला. नसीरखान पळाला आणि त्याच वर्षी लळिंगच्या किल्ल्यात मरण पावला. पुढे १५९० च्या सुमारास येथेच बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाचा पाडाव करून अहमदनगरची गादी मिळविली, तीही पोटच्या मुलाला, इस्माईलला, दूर सारून. दोन्ही वेळी कलह राजघराण्यांतला; शेते मात्र तुडविली गेली रोहिणखेडची. खुदावंदखानाने १५८२ मध्ये बांधलेली तेथील मशीद त्या अस्वस्थ काळाची आठवण देत आजही उभी आहे.

लष्कराची छावणी ज्या गावाशेजारी पडते, त्या गावाचे धान्य, वैरण आणि विहिरीही तिच्या होतात. एकट्या वाटसरूची राहुटी गावाकडे मागते ते एवढेच : रात्रीपुरती जागा आणि घागरभर पाणी. एकाच रस्त्याने दोघेही येतात. रस्ता त्यांच्यांत भेद करीत नाही; तो आपल्याला करावा लागतो.

हा भेद पाहावयास आम्ही वाचकांना दूरच्या एका नदीकाठी नेऊ इच्छितो. जर्मनीतून निघून काळ्या समुद्रास मिळणारी डॅन्यूब ही एके काळी रोमन साम्राज्याची सीमा होती. तिच्या काठाने चौक्या होत्या, छावण्या होत्या. इ. स. ३०४ मध्ये संत फ्लोरियन यांना ख्रिस्तावरील श्रद्धेसाठी तिच्या एन्स या उपनदीत बुडविण्यात आले. छावण्यांच्या त्याच काठावर पुढे मठ उभे राहिले. मेल्क येथील मठात १०८९ पासून बेनेडिक्ट पंथीय साधू राहत आहेत. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा ५३ वा अध्याय सांगतो, की दारी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताप्रमाणे करावे.

नदीच्या कडेने घोड्यांची एक वाटही होती. प्रवाहाविरुद्ध मालाच्या नावा ओढून नेण्यासाठी ती राखली होती. आगबोटी आल्या आणि त्या वाटेचे काम सरले. १८८५ मध्ये टॉमस स्टीव्हन्स हा प्रवासी उंच चाकाच्या सायकलीवरून व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड या डॅन्यूबकाठच्या शहरांतून पुढे गेला. त्याचा पावसाळी कोट हीच त्याची राहुटी. मात्र त्याच्या खिशात पिस्तूलही होते. परक्या मुलखाचे भय त्याला सुटले नव्हते. १९८० नंतरच्या दशकात पासाऊ ते व्हिएन्ना या सुमारे ३०० किलोमीटरांच्या टप्प्यात त्या जुन्या वाटेवर सायकलमार्ग आखला गेला. आज तेथे कुटुंबेच्या कुटुंबे सायकलींवर तंबू बांधून जातात आणि नदीकाठी मुक्काम करतात.

आपल्या मातीतही अशी माणसे निपजली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून मुंबईहून जगप्रदक्षिणेस निघाले. इराण, इराकची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश अशी वाट तुडवून आदी हकीम, जाल बापसोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परतले. त्यांच्या प्रवासग्रंथाला पंडित नेहरूंची प्रस्तावना लाभली. साडेचार वर्षांच्या त्या वाटेवर भाषा न कळणाऱ्या किती अनोळखी घरांनी त्यांना भाकर व निवारा दिला असेल, याची गणती कोणी करावी?

नसीरखान कोठे हरला, हे इतिहासकाराने लिहून ठेवले. रोहिणखेडच्या कोणत्या माउलीने थकल्या वाटसरूला पाणी पाजले, हे कोणीच लिहिले नाही. आम्हां ख्रिस्ती जनांना मात्र ठाऊक आहे, की त्याचीही एक नोंद ठेवली जाते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात ज्या हिशेबाचे वर्णन आहे, त्यात जिंकलेल्या लढाया विचारल्या जात नाहीत. तहानलेल्याला पाणी दिले का आणि परक्याला घरात घेतले का, एवढेच तेथे विचारले जाते.