महादेव ऑनलाइन बुक प्रकरण
दुबईतून चालवलेल्या बेकायदा ऑनलाइन सट्ट्याचे प्रकरण. सक्तवसुली संचालनालयाच्या (ईडी) तपासानुसार छत्तीसगडमधील भिलाईचे सौरभ चंद्राकर व रवी उप्पल हे त्याचे सूत्रधार. ओळखीतल्यांना सट्ट्याच्या शाखा म्हणजे ‘पॅनल’ चालवायला द्यायचे, नफा ७०-३० वाटायचा, पैसा बेनामी खाती व हवालामार्गे परदेशी न्यायचा, अशी पद्धत. सप्टेंबर २०२३ मध्ये ईडीने ४१७ कोटींची मालमत्ता गोठवली वा जप्त केली. नोव्हेंबरमध्ये केंद्राने महादेव बुक अ‍ॅपसह २२ अ‍ॅप व संकेतस्थळांवर बंदी आणली. ऑगस्ट २०२४ मध्ये छत्तीसगड सरकारने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) सोपवला. जप्तीचे आकडे मोठे दिसतात. पण आरोपी भारतीय न्यायालयात उभे राहतात का, यावरूनच अशा कारवाईचे यश मोजले पाहिजे. आरोपी परदेशात असले की ते सोपे नसते: इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. प्रत्यार्पणाचा निर्णय त्या-त्या देशाच्या कायद्याने होतो.