राक्षसाचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. राक्षसाचं विचारायला कुणी मनाई केलेली नाही, तरी आपण सहसा विचारत नाही. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने विचारलं. तो आणि त्याचे चार मित्र शनिवारी रात्री फासे, पेन्सिली आणि वेफर्सची पाकिटं घेऊन 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. आपण कोण, हे प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं: माणूस, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क. वाटेत कोण कोण आडवं येणार त्याचं वेगळं जाडजूड पुस्तक असतं. त्यातलं एक पान त्याने माझ्यापुढे धरलं. वाघाचं तोंड, अंगात उंची झगा आणि हात असे, की मूठ मिटली तर बोटं मागच्या बाजूला वळावीत.

"मामा, हा आपलाच राक्षस ना? मग याचे तळहात उलटे कुणी केले?"

तळहातांचा हिशेब अमेरिकेतच लागतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली निघाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे टीव्हीवर 'कोल्चॅक' नावाच्या मालिकेचा एक भाग लागला. शिकागोतल्या म्हाताऱ्या ज्यूंच्या वस्तीत एक राक्षस शिरलाय. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास त्याचं रूप तो घेतो, आणि जवळ गेलात की खातो. एक वृद्ध हिंदू त्याला अडवायला भिंतींवर स्वस्तिकं काढत फिरतो, आणि वस्तीतल्या लोकांना वाटतं नाझी आले. मंतरलेल्या बाणाने शेवटी राक्षस मरतो. वर्षभरात, डिसेंबर 1975 मध्ये, खेळाच्या कंपनीच्या नियतकालिकात राक्षस हजर झाला, रूप बदलणारा आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. गायगॅक्सने तो वाल्मीकीकडून नव्हे, टीव्हीवरून उचलला असं मानतात, आणि बाण पाहता ते पटतं.

टीव्हीवरचा राक्षस नुसताच केसाळ होता. वाघाचं तोंड त्याला लोकांच्या मनात कायमचं चिकटलं ते 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधल्या डेव्हिड ट्रॅम्पियरच्या चित्राने. त्यात तो झगा घालून निवांत पाइप ओढत बसलाय, क्लबात बसलेल्या साहेबासारखा. उलटे तळहात पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याची खूणच होऊन बसले. वृत्तीच्या रकान्यात जे लिहिलंय त्याचं मराठी करायचं तर 'नियम पाळणारा दुष्ट' असं होईल. एकट्यादुकट्याची नव्हे, अख्ख्या जातीची वृत्ती, जन्मतः ठरलेली.

भाचा यावर हसला. मी हसलो नाही, कारण असला रकाना माझ्याही कागदावर आहे. माझं नक्षत्र मघा. पत्रिकेत वर्ण, नाडी, योनी यांच्या ओळीतच लिहिलंय, गण: राक्षस. 27 नक्षत्रं तीन गणांत वाटलेली, देव, मनुष्य आणि राक्षस, प्रत्येकाच्या वाट्याला 9. पत्रिका जुळवताना 36 गुणांपैकी 6 गुण या एका गणाचे. मुलगी राक्षसगणी निघाली की मुलाकडचे कसे गप्प होतात, हे घरोघरी पाहिलेलं आहे. फासे टाकणाऱ्या पोरांना निदान आपला गण निवडता तरी येतो.

आता खरं कूळ. वाल्मीकींच्या नावावरच्या उत्तरकांडात कथा आहे. ब्रह्मदेवाने आधी पाणी केलं, मग ते राखायला प्राणी केले. 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस, 'आम्ही पूजन करू' म्हणाले ते यक्ष. म्हणजे कथेप्रमाणे ही आधी पाणी राखणाऱ्यांची नेमणूक, सुळे आणि नखं नंतरची. वंशावळही काही ऐरीगैरी नाही. रावण विश्रव्याचा मुलगा, विश्रवा पुलस्त्य ऋषींचा. म्हणजे राक्षसाचं कूळ विचारत गेलं की ऋषीच्याच दारात जाऊन उभं राहावं लागतं. ती म्हण कदाचित त्याच सोयीची असावी. पहाटे लंकेत फिरणाऱ्या मारुतीच्या कानावर वेदपठण पडतं, तेही तिथल्या राक्षसांच्याच घरांतून. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात तर राक्षस हा नंदांचा अमात्य, चक्क माणूस. त्याची निष्ठा इतकी पक्की, की त्याला आपल्या बाजूला वळवण्यासाठी चाणक्याला सगळं नाटक रचावं लागतं. आणि आपण तो शब्द कुठे वापरतो? राक्षसी बहुमत, राक्षसविवाह, राक्षसी भूक.

जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त हा धागा ओढून थेट इतिहासाला बांधला. राक्षस म्हणजे मुळात रक्षक, या भूमीची राखण करणारे लोक. हरवल्यावर जेत्यांनी त्यांच्या नावाची शिवी केली, असा त्यांचा रोख. व्युत्पत्ती काटेकोर आहे की नाही यावर पंडित भांडतील. पण जेत्यांनी लिहिलेल्या पुस्तकात हरलेल्यांना सुळे फुटतात, हे त्यांनी अचूक पकडलं. शेतकऱ्याने तर व्युत्पत्तीची वाटही पाहिली नाही. दैत्यकुळातल्या बळीचं राज्य येवो, असं तो दर दिवाळीला म्हणतोच. बांधावरच्या शेंदऱ्या म्हसोबात महिषासुर दडलेला आहे, हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1962 मध्ये लिहिलं. नारळ त्याच्या कितीतरी आधीपासून फुटत होते.

याच चर्चेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया उतरले. 'रामायण: मिथ ऑर रिअॅलिटी?' हे त्यांचं छोटंसं पुस्तक 1973 चं. लंका सिंहलद्वीपात नव्हे, मध्य भारतात कुठेतरी होती आणि राक्षस म्हणजे तिथले रानातले लोक, असं त्यांचं म्हणणं. त्यावर गदारोळ झाला. गोंडांमध्ये स्वतःला रावणवंशी म्हणवणारे आहेतच, त्यांना यात नवल वाटलं नसेल.

सांकलिया हे लिहीत होते तेव्हा त्यांच्या संस्थेची माणसं शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी माती उकरत होती. गाव इनामगाव, पुण्यापासून 80–90 किलोमीटर. 1968 ते 1983 इतकी वर्षं सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि अन्सारी यांच्या चमूने तिथे खणलं. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती हाती आली. 130 हून अधिक घरं, पाटाचं पाणी, जवाचं पीक, म्होरक्याचं पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. अमेरिकेत राक्षसाला वाघाचं तोंड बसवलं जात होतं, तेव्हा इकडे ब्रश आणि करणीने घराच्या जमिनी मोकळ्या होत होत्या.

त्या जमिनींखाली माणसं होती, घरातलीच. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आडवी ठेवलेली. मोठी माणसं खड्ड्यात उताणी, डोकं उत्तरेला. आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. एखाद्याचे नव्हे, ही रीतच होती. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, भूत होऊन परतू नये, म्हणून हे केलं असावं, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज. हडळीची पावलं उलटी असतात हे आपल्याला आजी सांगते; इनामगावकरांनी पावलांचा प्रश्नच ठेवला नाही. अपवाद एका चाळिशीतल्या पुरुषाचा. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात तो मांडी घालून बसवलेला, पाय शाबूत. गावचा म्होरक्या असावा. मोठ्या माणसाच्या भुताची भीती वाटत नव्हती, की त्याच्या पायांना हात लावायची छाती नव्हती, हे हाडं सांगत नाहीत.

माझं मन तिथेच अडकलं. परक्याला ओळखायला आपण त्याच्या हातापायांची उलटापालट करतो: खेळात तळहात उलटे, गोष्टीत पावलं उलटी. इनामगावात मात्र पाय तोडले ते परक्याचे नव्हेत. ज्याच्याबरोबर काल जवाची भाकरी खाल्ली त्याचे, आणि पुरलं तेही पायाखालच्याच जमिनीत, जिथे रात्री बाकीचे झोपायचे. खेळातल्या त्या जाडजूड पुस्तकात असं पान नाही. तिथे ऑर्क दूरच्या डोंगरात राहतो, राक्षस परदेशातून येतो; भीती नेहमी वेशीबाहेरची.

तिकडेही आता चुळबुळ आहे. ऑर्कांना आणि काळ्या एल्फांना जन्मजात दुष्ट दाखवणं चुकलं, असं कंपनीने 2020 मध्ये जाहीर केलं. 2024 च्या खेळाडूंच्या पुस्तकात पात्राच्या कागदावरचा 'वंश' जाऊन 'प्रजाती' आली. रकाना तसाच, वरची चिठ्ठी बदलली. आपल्या पत्रिकांमध्ये तेवढंही झालेलं नाही.

हे सगळं ऐकल्यावर भाच्याने पुढच्या शनिवारी आपल्या गोष्टीत एक गाव घातलं. नदीकाठ, जवाची शेतं, पाटाचं पाणी, आणि पाटावर राखण करणारे राक्षस. पोरांनी त्यांच्याशी लढायचं नाही, पाळीचं पाणी मागायचं. तळहात मात्र त्याने उलटेच ठेवले. सरळ केले तर राक्षस कुठला हे मित्रांना ओळखू येत नाही म्हणे.