हिम आणि पाणी

सन 1949-50च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या ईशान्येस हिमाने दगा दिला, तेव्हा कनेक्टिकट संस्थानातील मोहॉक पर्वतावर स्कीचे मैदान चालविणाऱ्या वॉल्ट शोनक्नेख्त यांनी शेकडो टन बर्फ मालमोटारींतून आणवून, त्याचा चुरा उतारावर पसरला आणि हंगाम कसाबसा निभावून नेला. या उपायात कल्पकतेपेक्षा अगतिकताच अधिक. परंतु त्याच हंगामात मिलफर्ड येथे स्की तयार करणाऱ्या वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या त्रयीने, माल खपेना म्हणून, रंग फवारण्याची तोटी, बागेतली रबरी नळी आणि दहा अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर एवढ्या सामग्रीनिशी 14 मार्च 1950 रोजी हिम पाडून दाखविले. तोटीतून सुटलेली दाबाची हवा फुलताना गार होते, पाण्याच्या धारेचे सूक्ष्म तुषार करते, आणि ते तुषार भूमीवर टेकण्यापूर्वीच गोठतात. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही हे साधते. 1952 साली कॅट्स्किल डोंगरांतील ग्रॉसिंगर्स या विश्रामस्थानाने ही युक्ती धंद्यात आणली, आणि दोन वर्षांनी पेटंटची सनदही मिळाली.

येथवरची सारी कीर्ती हवेने लाटली. पाणी कोठे मुरत होते, हे मागाहून कळले. एकरभर उतारावर फूटभर थर द्यावयाचा तर सुमारे सहा लाख लिटर पाणी हवे, आणि तेही कडाक्याच्या मोजक्या रात्रींत, नेमके डोंगरी ओढे गोठून क्षीण झाले असताना. म्हणून तळी खोदली गेली, पंपघरे उभी राहिली, आणि मैदानाची ऐपत उतारांच्या लांबीइतकीच तळ्याच्या खोलीवरूनही जोखली जाऊ लागली.

न्यू हॅम्पशर संस्थानातील लून पर्वतावर तर याचा कज्जाच झाला. तेथील 19 एकरांचे लून तळे लिंकन गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आधार होते. हिमासाठी त्यातून उपसा होई, खालच्या नदीचे पाणीही नळांतून वर चढविले जाई, आणि फवारून उरलेले तळ्यात सोडले जाई. नदी काय, तळे काय, दोन्ही जलाशय देशाचेच, मग परवाना कशाला, असा युक्तिवाद झाला. तो मला तरी वकिली चातुर्याचा अस्सल नमुना वाटतो. 1996 साली अपील न्यायालयाने तो फेटाळला : नदीचे पाणी खाजगी नळात शिरले की ते नदीचे राहत नाही, आणि तळ्यात सोडावयाचे तर परवाना घेतलाच पाहिजे.