छायाचित्रणातील प्रकाशमापन पद्धतींचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा अनेक विद्याशाखांत छायाचित्राचा उपयोग पुरावा म्हणून केला जातो. मात्र त्या छायाचित्रातील उजेड आणि अंधार यांचे प्रमाण कोणी व कसे ठरविले, हा प्रश्न अभ्यासक क्वचितच विचारतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापनाच्या निरनिराळ्या पद्धती नवशिक्याला केवळ तांत्रिक खुणा वाटतात. वस्तुतः ‘समोरच्या दृश्यातील कोणता भाग महत्त्वाचा?’ या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या काळी दिली गेलेली ती उत्तरे आहेत. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेतला आहे.

अनुमानाचा कालखंड

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. या काळातील छायाचित्रकाराजवळ प्रकाश मोजण्याचे विश्वासार्ह साधन नव्हते. ऋतू, दिवसाची वेळ, आकाशाची स्थिती आणि स्वतःचा अनुभव यांवरून तो एक्स्पोजरचा, म्हणजे काचेवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा याचा, अंदाज बांधीत असे.

या अनुमानाला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय प्रामुख्याने फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड यांच्याकडे जाते. इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या या दोघांनी १८८८ मध्ये ‘ॲक्टिनोग्राफ’ या गणकपट्टीचे पेटंट घेतले. तिच्यावरील तक्ता स्थळाच्या अक्षांशानुसार तयार केलेला असे. १८९० मध्ये त्यांनी काचेची संवेदनशीलता मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास आल्फ्रेड वॉटकिन्सचे मापक प्रचारात आले. त्यातील संवेदनशील कागद ठरावीक छटेइतका काळा पडण्यास लागणारा वेळ मोजून एक्स्पोजर ठरविले जाई.

विद्युत प्रकाशमापक आणि ‘मध्यम छटा’

सेलेनियम या मूलद्रव्याची विद्युतवाहकता प्रकाशामुळे बदलते, हे विलोबी स्मिथ यांना १८७३ मध्ये समुद्री तारायंत्राच्या कामात आढळले. मात्र सेलेनियम घटावर चालणारे सुटसुटीत मापक बाजारात येण्यास १९३० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेतील वेस्टन कंपनीचे मापक १९३२ मध्ये आले, झाइस आयकॉनच्या १९३५ च्या कॉन्टाफ्लेक्समध्ये मापक कॅमेऱ्यातच बसविलेला होता, आणि १९३८ च्या कोडॅक सुपर सिक्स-२० मध्ये एक्स्पोजर स्वयंचलित झाले.

येथे एक मूलभूत मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. परावर्तित प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला केवळ प्रकाशाचे प्रमाण कळते. समोर पांढरे कापड आहे की काळी म्हैस, हे कळत नाही. त्यामुळे समोरची वस्तू मध्यम करड्या छटेची आहे, असे ते गृहीत धरते. १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे करडे कार्ड हे या छटेचे प्रचलित प्रमाण ठरले. परिणामी पांढरे कापडही करडे येते आणि काळी म्हैसही करडीच.

या मर्यादेवर दोन दिशांनी उपाय शोधले गेले. डॉन नॉरवूड यांनी आपल्या मापकाला अर्धगोलाकार दुधी आवरण बसविले (पेटंट १९४०) आणि वस्तूवरून परतणारा नव्हे, तर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजला. सुमारे १९४० मध्ये ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी ‘झोन सिस्टिम’ मांडली. दृश्यातील कोणता भाग कोणत्या छटेत उतरावा, हे छायाचित्रकाराने आधी ठरवावे, असे तिचे सूत्र होते.

भिंगातून मापन : सरासरी, केंद्र आणि बिंदू

१९६३ मध्ये टॉपकॉन आरई सुपर या कॅमेऱ्याने भिंगातून आत आलेला प्रकाशच मोजण्याची सोय केली. या टप्प्यावर चौकटीतील कोणत्या भागाचा प्रकाश मोजायचा, हा प्रश्न कॅमेरा बनविणाऱ्यांसमोर ठळकपणे उभा राहिला. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९६० मध्ये हा कॅमेरा प्रथम दाखविला गेला, तेव्हा तो एका बिंदूपुरता प्रकाश मोजणारा होता. १९६४ मध्ये तो विक्रीस आला, तेव्हा नाव तेच राहिले. मापन मात्र संपूर्ण चौकटीच्या सरासरीचे झाले होते. बिंदुमापनात बिंदू कोठे ठेवायचा याचा निर्णय वापरणाऱ्याला घ्यावा लागतो. सरासरी त्याला या निर्णयातून मोकळे करते.

१९६७ मध्ये निकॉनने मधला मार्ग स्वीकारला. चौकटीच्या मध्यवर्तुळाला सुमारे ६० टक्के व उरलेल्या भागाला ४० टक्के महत्त्व देणारी ही केंद्रभारित पद्धत पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. मुख्य विषय मध्यभागी असतो, हे तिचे गृहीतक होय.

दृश्याचे ‘वाचन’

१९८३ या एकाच वर्षी दोन परस्परविरुद्ध उत्तरे पुढे आली. ऑलिंपस ओएम-४ मध्ये आठपर्यंत बिंदूंची मापे घेऊन त्यांची सरासरी काढता येई. बिंदूंची निवड वापरणारा करीत असे. निकॉन एफए मध्ये चौकटीचे पाच भाग करून त्यांच्या तुलनेवरून यंत्रच दृश्याचा प्रकार ओळखू लागले. १९९६ च्या निकॉन एफ५ मध्ये १००५ बिंदूंचा रंगसंवेदी मापक आला. त्याच्या निर्णयामागे आधी घेतलेल्या हजारो छायाचित्रांच्या माहितीचा आधार होता. म्हणजे निर्णय नाहीसा झाला नाही. तो नमुन्यादाखल छायाचित्रे निवडणाऱ्यांकडे गेला.

पुराव्याच्या दृष्टीने महत्त्व

एक उदाहरण घेऊ. पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि टोपी घातलेला सावळा वारकरी चौकट व्यापून उभा आहे. सरासरी मापन पांढऱ्या कपड्यांना करड्या छटेकडे ओढते आणि चेहरा काळवंडतो. चेहऱ्यावर बिंदुमापन केल्यास उलट घडते : चेहरा मध्यम छटेपर्यंत उजळतो, प्रत्यक्षाहून गोराही दिसू शकतो, आणि सदऱ्याचा पोत हरवतो. दोन्ही छायाचित्रे एकाच माणसाची, एकाच क्षणाची. तरी वेशभूषेचा अभ्यासक आणि व्यक्तिचित्राचा अभ्यासक यांच्या हाती भिन्न पुरावा येतो. नवशिक्याने येथे सदऱ्यावरून पडणाऱ्या नव्हे, तर वारकऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप घ्यावे, किंवा चेहऱ्याचे माप घेऊन एक्स्पोजर थोडे कमी करावे.

निष्कर्ष

१) प्रकाशमापनाच्या विकासात अचूकता वाढली, त्याचबरोबर निवडीचा अधिकार टप्प्याटप्प्याने छायाचित्रकाराकडून यंत्राकडे सरकला.

२) प्रत्येक पद्धतीमागे एक गृहीतक आहे. ते माहीत असणाऱ्याला यंत्र कोठे चुकेल, हे आधीच सांगता येते.

३) जुन्या छायाचित्रात काळवंडलेला चेहरा दिसल्यास, तो तसा होता की मापनामुळे तसा उतरला, हे तपासल्याशिवाय अनुमान काढू नये.

४) डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये मापनपद्धतीची नोंद बहुधा आपोआप होते. क्षेत्रीय संशोधनातील छायाचित्रे जतन करताना ही नोंद पुसली जाणार नाही, याची दक्षता महाविद्यालयीन संग्रहांनी घ्यावी. जुन्या निगेटिव्हच्या अभ्यासकाला जी माहिती तर्काने मिळवावी लागते, ती पुढील अभ्यासकास त्यामुळे सहज उपलब्ध होईल.